पंख्याचा आवाज ऐकू येईपर्यंत

माझी पत्नी बी.एड.च्या मुलांना इंग्रजी कसं शिकवावं ते शिकवायची. मी त्याच कॉलेजात मराठीला होतो. तिचा एक नियम होता. वर्गात कविता वाचून झाली की शिक्षकाने लगेच तोंड उघडायचं नाही. वरच्या पंख्याचा आवाज ऐकू येईपर्यंत थांबायचं. मग पहिला शब्द बोलायचा.

घरी ती हे माझ्यावर करून बघायची. संध्याकाळी कुकर उतरवून झाला की म्हणायची, "अहो, बसा जरा," आणि एखादी इंग्रजी कविता वाचायची. मग आम्ही दोघं गप्प. उजेड भिंतीवरून हळूहळू सरकत असायचा. मला इंग्रजी बेताचं कळे, पण ती शांतता पूर्ण कळायची. ती मोडायचा हक्क तिचा. "हं," एवढंच म्हणायची.

त्या सुमारास चौकाचौकात स्पोकन इंग्लिशच्या पाट्या लागत होत्या. हिंजवडीच्या आयटी कंपन्यांकडे जाणाऱ्या बस भरून जात. आमच्या प्राचार्यांनी ठरवलं, की सराव पाठांमधून कविता काढायची आणि तिथे संभाषण कौशल्य घ्यायचं. ती घरी आली आणि बराच वेळ पोळपाट पुसत राहिली. दुसऱ्या दिवशी तिने त्यांना विनंती केली, की एक पाठ बघा, मग ठरवा.

पाठ खडकीच्या एका शाळेत होता; मीही सोबत गेलो. पाठ घेणारी मुलगी कात्रजहून यायची, स्वारगेटला बस बदलायची. तिने चार्ट काढला होता : नदीकाठी दिवा घेऊन कुणाची वाट पाहणारी बाई. कविता त्याच बाईवर होती. चार्ट पहिल्या बसमध्येच राहिला. शाळेच्या फाटकात ती रडकुंडीला आली होती.

"बरं झालं," पत्नी म्हणाली. "आता ज्याला त्याला आपापली बाई दिसेल."

आम्ही तिघं मागच्या बाकावर बसलो, प्राचार्य मध्ये. मुलीने कविता वाचली आणि थांबली. प्राचार्यांनी घड्याळ पाहिलं. पंखा कुरकुरत फिरत होता. आधी तो नुसता दिसत होता, मग ऐकू यायला लागला. खिडकीबाहेर गुलमोहर होता, आणि मला उगीच वाटलं की आपण सगळे एका संथ पाण्यावर बसलोय.

मुलीने एवढंच विचारलं, "विल ही कम?"

एक विद्यार्थिनी उठली. "मिस, तिच्या दिव्यातलं तेल पुरलं का?" मागून कुणीतरी म्हणालं, "ही कम." दुसरा, "नो, ही नॉट कम. रिव्हर बिग." मग सगळा वर्ग मोडक्यातोडक्या इंग्रजीत भांडू लागला. मुलीने एकही चूक दुरुस्त केली नाही.

बाहेर आल्यावर प्राचार्य म्हणाले, "बाई, दिव्यात तेल किती यावर नोकरी देतात का हो कुठे?"

"नाही देत. पण आज सगळा वर्ग न सांगता इंग्रजी बोलला, सर."

"चुकीचं बोलला."

"हो. पण बोलला."

कविता गेलीच. पुढच्या वर्षी सराव पाठांच्या वेळापत्रकात ती नव्हती. पत्नी निवृत्तीपर्यंत संभाषण कौशल्य शिकवत राहिली, नीट, मनापासून. संध्याकाळचं वाचन मात्र तिने सोडलं नाही.

पत्नी गेल्यावर महिनाभराने ती कात्रजची मुलगी मला भेटायला आली. आता तिचे केस पिकलेत. एका आयटी कंपनीत इंजिनियरांना इंग्रजी बोलायला शिकवते.

"दर शुक्रवारी चहानंतर एक कविता वाचते, सर," ती म्हणाली. "पहिल्यांदा विचारतात, हे कोर्समध्ये आहे का. मी म्हणते, नाही, चहात आहे."

"आणि मग?"

"मग थांबते. तिथे एसी आहे. पंखा नाही. त्यामुळे किती थांबायचं ते कळत नाही."

मी म्हटलं, "वाचा ना एखादी."

तिने तीच वाचली, नदीकाठच्या दिव्याची. कागद नव्हता, पाठ होती. तिचा आवाज संपला. उजेड भिंतीच्या निम्म्यावर आला होता. थोड्या वेळाने पंखा ऐकू येऊ लागला.

पहिला शब्द नेहमी पत्नी बोलायची. आम्ही दोघं बसून राहिलो.