शेवंताकाकूंच्या खोलीतले सव्वीस अंश

हसणार नसाल तर सांगतो. हसणार आहातच, तरी सांगतो, कारण ही फजिती मी इतक्या हुशारीने करून घेतली की वाया जाऊ देववत नाही.

मी हवामान धोरणात काम करतो. म्हणजे नेमकं काय, ते माझ्या आईला अजून कळलेलं नाही. ती लोकांना सांगते, "पोरगा उन्हाच्या हापिसात आहे." रामदासपेठेतल्या त्या हापिसात एसी असा की भर मे महिन्यात मी स्वेटर घालून नागपूरच्या उन्हाची काळजी करतो.

तर या उन्हाळ्यात आमचा एक प्रयोग होता. टिनाच्या छताला पांढरा रंग दिला की घर किती थंड होतं, ते मोजायचं. प्रयोग जमला की माझी कंत्राटी नोकरी पक्की. घर निवडलं आमच्या जुन्या शेजारीण शेवंताकाकूंचं. छत रंगवलं, खोलीत तापमान मोजायचं यंत्र ठेवलं आणि निघताना काकूंना बजावलं.

"काकू, हे जिवापाड जपजा. यानं दगा देला तर माही नोकरी गेली समजा."

"तू काळजीच करू नोको, गा."

यंत्राचे आकडे थेट मोबाइलवर यायचे. मग उन्हात कशाला जा? पहिल्याच आठवड्यात आकडा आला. बाहेर पंचेचाळीस, काकूंच्या खोलीत सव्वीस. शहाण्या माणसाला शंका आली असती. मला बढतीची स्वप्नं पडायला लागली.

मी अहवाल लिहिला. त्याला 'नागपूर प्रारूप' असं भारदस्त नाव दिलं. तीन बैठकांत टाळ्या घेतल्या. एका बैठकीत तर छाती काढून म्हणालो, "या घराला आता कुलरची गरजच उरलेली नाही."

महिन्याभराने पुण्याहून आमच्या मोठ्या मॅडम आल्या. भर दुपारी म्हणाल्या, "चला, ती खोली बघू. तुमचं पक्क्या नोकरीचं पत्र मी सोबतच आणलंय."

आम्ही पोचलो, तर काकू अन् काका अंगणात कडुनिंबाखाली पेपरनं वारा घेत बसलेले. दोघंही घामानं निथळत होते.

"काकू, एवढं थंड घर सोडून बाहेर काहून बसल्या?"

"आत बसलो का त्याले हवा आडते ना, गा."

"कोणाले?"

काकूंनी दार उघडलं. स्टुलावर आमचं यंत्र, आणि त्याच्या अगदी तोंडासमोर कुलर, फुल स्पीडवर. वाळ्याचा काय सुंदर वास सुटला होता म्हणून सांगू.

"काकू, हे काय केलं?"

"तूच त म्हणला होता, जिवापाड जपजा. पहिल्याच दिवशी हात लावून पाह्यला, भल्लं तापलं होतं बिचारं. म्हटलं, आपलं काय, आपून तापून घेऊ. पोराची नोकरी राह्यली पायजे."

खरं सांगतो, मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरातला एकुलता एक कुलर माझ्या यंत्राला देऊन ही दोन माणसं महिनाभर अंगणात भाजत होती.

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "महिन्याभरात तुम्ही इथे किती वेळा आलात?"

मी अंगणात मागे सरून छताकडे पाहिलं. रंग मात्र छान बसला होता.

मॅडमनी पत्र परत पर्समध्ये टाकलं. "कुलर अंगणात न्या, या दोघांसाठी. उद्यापासून दुपारी बारा ते चार तुम्ही स्वतः या खोलीत बसायचं आणि आकडे हाताने लिहायचे."

हे ऐकून काकूच हबकल्या.

"असं नोका करू, मॅडम. मशीन बिघडली त दुसरी भेटते. हे पोरगं मशीनीहून नाजूक आहे. पाचवीत प्रार्थनेले उनात उभं केलं, त धाडकन पडलं होतं."

मॅडमनी माझ्या गळ्यातलं ओळखपत्र हातात घेऊन वाचलं. 'वरिष्ठ उष्णता तज्ज्ञ.' मग ते अगदी हळूच माझ्या छातीवर परत ठेवलं, काचेचं भांडं ठेवतात तसं.