खिडकीची केबिन यावेळी माझी

मैत्रिणींनो, आज मी सूड उगवून आलेय. पोटात मावत नाहीये, म्हणून आधी तुम्हालाच सांगते.

दोन वर्षांपूर्वी आम्ही सगळे क्रूझने गोव्याला गेलो होतो. बुकिंग धाकट्या जावेने केलं. समुद्र दिसणारी केबिन त्या दोघांनी घेतली आणि आम्हाला पोरांसकट आतली, बिनखिडकीची दिली. वर डिस्को दणाणत होता. "वहिनी, मुलं काय, कुठेही झोपतात!" म्हणाली होती. माझी लेक वरच्या बर्थवरून सारखी विचारायची, "आई, सकाळ झाली का गं?"

आता जावेला दीड वर्षाचा मुलगा आहे. यंदा परत जायचंय आणि बुकिंग माझ्याकडे आलंय.

दुपारी काशीमीऱ्याला एजंटकडे गेले. त्याने बोटीचा नकाशा पुढे सरकवला. "भाभी, खिडकीवाला बस एक बचा है. छोटा बच्चा किसके साथ है?"

"वो कहीं भी सो जाता है," म्हटलं आणि खिडकी माझ्या नावावर केली.

इंद्रलोक कॉलनीतल्या घरी पोचताच जावेला फोन लावला आणि तिला आतली केबिन मिळाल्याचं सांगितलं. "अहो वहिनी, बाळ अंधारात घाबरतं हो!" ती रडकुंडीला आली. मी तिचंच वाक्य तिला ऐकवलं. जिवाला काय गार वाटलं म्हणून सांगू!

नवरा म्हणतोय, "बाळाने तुझं काय घोडं मारलंय?"

खरं सांगा, तुम्ही काय केलं असतं? माझं ठरलंय. बाळ रडलं तर त्याला खुशाल माझ्या खिडकीपाशी झोपवेन. त्याच्या आईला मात्र दारातूनच परत पाठवणार.