तेलाची फडकी

आधीच सांगून टाकलेलं बरं, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको: घर जळलं नाही. घर जागेवर आहे, माणसं जागेवर आहेत आणि भुसाशेठ आजही सुट्टीच्या दिवशी सकाळपासून लाकडं घासत बसतात. पण त्या दिवशी त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं, ते ऐकण्यासारखं आहे.

शेठपणाचा तसा पत्ताच नाही. दवाखान्यात एक्स-रे काढायची नोकरी, दिवसभर "श्वास घ्या, धरून ठेवा, सोडा" एवढंच बोलणं. पण घरी आले की शर्ट बदलून मागच्या खोलीत शिरायचे आणि बाहेर यायचे ते डोक्यात, मिशीत, कानांच्या पाळ्यांवर भुसा घेऊन. गल्लीनं नाव पाडलं ते पाडलंच. आता दवाखान्यातली नर्ससुद्धा "भुसाशेठ, पुढचा पेशंट" म्हणते.

नाद लागला तो एका दारापायी. दाराचा कोपरा फुगला होता आणि सुतार नुसता "उद्या येतो" म्हणायचा. शेवटी यांनी स्वतःच रंधा विकत आणला, कोपरा तासला, दार लागलं आणि हा माणूस कायमचा बिघडला. पहिलं स्टूल केलं ते डुगडुगायला लागलं. म्हणून एक पाय कापला, तर दुसरा लांब झाला. तो कापला, तर तिसरा. असं करत करत स्टूल इतकं बुटकं झालं की बसायला गेलेल्या मेव्हण्याचे गुडघे हनुवटीला टेकले. बायको म्हणाली, "अहो, थांबा आता. नाहीतर पाय सोडायला जमिनीत खड्डा खणावा लागेल." पण माणूस चिवट. हळूहळू हात बसला. आता त्यांच्या हातचा खण बोटानं ढकलला की अलगद आत जातो, आणि जोडणीच्या फटीत कागदसुद्धा शिरत नाही.

मागची खोली आधी अख्खी त्यांची होती. मग सासूबाई कायमच्या राहायला आल्या. शेठनी कुरकुर न करता मधोमध प्लायवूडची भिंत घातली. अलीकडे सासूबाईंची खाट, पलीकडे यांचा कारखाना. सासूबाईंनी उभा जन्म स्वतःची लॉन्ड्री चालवलेली. मांडीचं हाड मोडल्यापासून काठी घेऊन भिंतीच्या आधारानं चालतात, पण मळकं काही दिसलं की हात शिवशिवतातच. आल्या आल्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी जावयाच्या लाकूड कोरायच्या सगळ्या पटाश्या साबणानं घासून ओल्याच ठेवून दिल्या. दुसऱ्या दिवशी प्रत्येक पातं गंजून तांबडंलाल! शेठ एरवी मुंगीलाही बाजूला सरक म्हणणारे, पण त्या दिवशी तडकले. "आई, घर तुमचं आहे. पण माझ्या खोलीतल्या कशालाही हात लावायचा नाही. शब्द द्या." सासूबाईंनी शब्द दिला आणि दोन वेळा जेवल्या नाहीत.

तर त्या दिवशीची गोष्ट. लेकीनं नवीन घर घेतलं होतं, तिच्यासाठी शेठ लिहायचं टेबल करत होते. पहाटे उठून त्यांनी टेबलाला जवसाचं तेल चोळलं. जुन्या बनियनांची फडकी करून जास्तीचं तेल पुसून काढलं. लाकडाच्या रेषा अशा काही उठून आल्या की शेठ एकटेच "वा!" म्हणाले. तेवढ्यात बाहेरून बायको ओरडली, "बस चुकेल हो! टेबलाशी लग्न लागलंय का तुमचं?" लेकीकडेच जायचं होतं, दिवसभरासाठी. शेठनी घाईघाईत सगळी फडकी गोळा केली, खोक्यात कोंबली, खोकं टेबलाखाली सरकवलं आणि पळाले. सासूबाईंना बसच्या पायऱ्या जमत नाहीत, म्हणून त्या घरीच होत्या.

बस शहराबाहेर पडली. शेठनी सवयीनं बोटं नाकाशी नेली. तेलाचा वास अजून होता. सुखावले. आणि दुसऱ्याच क्षणी ताडकन उठून उभे राहिले.

लाकूडकाम करणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असतं, आणि शेठनी तर चार जणांना ते शिकवलं होतं: जवसाच्या तेलाची फडकी कधी चोळामोळा करून ठेवू नयेत. तेल वाळता वाळता तापतं. फडकं पसरून टाकलं तर ऊब उडून जाते, बोळा करून कोंबलं तर आतल्या आत साठत जाते, आणि काडी न लावता ते पेट घेतं. रोज शेठ एकेक फडकं अंगणातल्या तारेवर पसरायचे. आज ती खोक्यात होती. खोक्यात भुसा होता. आणि प्लायच्या भिंतीपलीकडे सासूबाई.

"उतरायचं," शेठ म्हणाले.

"काय झालं? पाकीट राहिलं?"

त्यांनी सांगितलं. बायकोचा चेहरा उतरला. तिनं आईला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. आई फोन रुमालात गुंडाळून कपाटात ठेवायची, खराब होऊ नये म्हणून. शेजारच्या शिंप्याला लावला, तर तो सुट्टी म्हणून बहिणीकडे गेलेला. हातापाया पडल्यावर ड्रायव्हरनं बस थांबवली. मग रस्त्यावर रिक्षा मिळेना. मिळाली तर तिचा म्हातारा मालक जपून चालवणारा. बायको रडत म्हणाली, "काका, जरा पळवा हो, आई एकटी आहे." नवऱ्याशी ती अवाक्षर बोलली नाही. ते शेठना जास्त लागलं. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

गल्लीच्या वळणावर धूर दिसला. काळपट, जाड. शेठ रिक्षातून अर्धे बाहेर वाकले. इतकी वर्षं लोकांची मोडलेली हाडं पाहिली, आपल्या हातानं एवढं मोडलेलं कधी पाहिलं नव्हतं. रिक्षा वळली, तर कोपऱ्यावर झाडूवाला पाचोळा जाळत होता. शेठनी त्याला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे नको.

घर शांत होतं. शेठ रिक्षावाल्याकडे न बघता मागच्या अंगणात धावले आणि थबकले. तारेवर बनियनांची फडकी ओळीनं वाळत होती. प्रत्येकाला चिमटा, प्रत्येकाच्या कडा ओढून सरळ केलेल्या. खाली बादलीत फेसाळ पाणी, आणि बाजूला काठी टेकून सासूबाई उभ्या. अपराध्यासारख्या.

"गेले होते मी तुमच्या खोलीत," त्या आधीच म्हणाल्या. "बोला काय बोलायचं ते. शब्द मोडला मी. पण तो घाण वास भिंतीतून नाकाशी येत होता हो, मला काही चैन पडेना. म्हटलं, जावईबापू यायच्या आत धुऊन पुन्हा खोक्यात ठेवून देईन, कळणारही नाही. तुम्ही इतक्या लवकर कसे आलात?"

शेठनी हात लांबवून एक फडकं चाचपलं. सासूबाईंना वाटलं, रागावलेत.

"आणि एक सांगू? मधलं फडकं हातात घेतलं तर चांगलं गरम लागलं. आत्ता इस्त्रीखालून काढावं तसं. तुमच्या त्या खोलीत तर ऊन येत नाही!"

शेठ मटकन खाली बसले, बादलीशेजारी, ओल्या फरशीवर, आणि पोरासारखे रडायला लागले. मागून बायको आली. तिनं तारेकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि आईच्या गळ्यातच पडली.

"अगं, सोड, पडेन मी! आणि हे काय, फडक्यांसाठी रडतं का कुणी? फाटली नाहीत, बघा हवं तर."

मग शेठनी सगळं सांगितलं. तेल, खोकं, भुसा, भिंत. काहीही लपवलं नाही. "आई, तुम्ही माझं ऐकलं असतं ना आज..."

सासूबाईंनी एकदा तारेकडे पाहिलं. काठी घट्ट धरली. मग दुसरा हात खाली करून त्यांनी जावयाच्या केसांतला भुसा झटकला.

"उठा," त्या म्हणाल्या. "जावयाचं सगळंच ऐकायचं नसतं, हे मला पहिल्यापासून माहीत होतं."