हल्लू म्हणणारी गायिका

झेरॉक्सच्या दुकानात गरम कागदाचा एक वास असतो. परवा लातूरच्या अशाच एका दुकानात त्या वासात उभी होते, तेव्हा दुकानदाराच्या मोबाइलवर एका परदेशी गायिकेचं गाणं लागलं आणि रांगेतल्या दोन मुलींची जुंपली. एक म्हणाली, "ह्या हिरव्या अल्बमनंच तिचं नाव झालं. बाकी सगळी भरती." दुसरी म्हणाली, "नवा ऐकलाच न्हाईस तू, अन् लई बोलून राहिलीस." मलाही काही सांगायचं होतं. पण मी तोंड उघडेपर्यंत लोकांचा विषय बदललेला असतो. तसाच तेव्हाही बदलला.

मी उमरीजवळच्या खेड्यातली, घरात दहावीच्या पुढं शिकणारी पहिलीच. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करायला लातूरला आले, तेव्हा खोलीत नांदेडची एक मुलगी आधीपासून राहत होती. तिच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या शेरवान्या शिवतात. तिचं ते दुसरं वर्ष, म्हणून क्लासात सगळे तिला 'रिपीटर' म्हणत. हे शेवटचंच, असं अब्बांनी बजावून पाठवलं होतं. त्याच वर्षी त्या परदेशी गायिकेचा तो अल्बम आला. मुखपृष्ठ हिरवं, तिचे कपडे हिरवे, नखंसुद्धा हिरवी. माझ्या मैत्रिणीनं आपल्या पांढऱ्या ओढणीला हातानं हिरवी किनार लावली. टाके इतके बारीक की उलटी बाजू कोणती ते कळू नये. दुपारी डबा येईपर्यंत आम्ही त्यातलं हेच एक गाणं ऐकत बसायचो. इंग्रजी दोघींचंही जेमतेम. धृपदात एक शब्द पुन्हा पुन्हा यायचा, तो तिला 'हल्लू' असा ऐकू यायचा. त्यांच्या घरच्या दखनीत हल्लू म्हणजे हळू. "बघ, एवढी मोठी बाई, अन् आपल्याला हल्लू म्हणून राहिली!" मग फिजिक्सचं गणित अडलं, जीव घाबरा झाला, की आम्ही एकमेकींना हल्लू म्हणू लागलो.

"ये उसका दौर है," ती ठामपणे सांगायची. "अब कुछ बी गाओ, लोगां इसीच से पहचानते." मला ते पटत नसे. जो काळ अजून चालूच आहे, त्याला आत्ताच कसं नाव द्यायचं? "दौर संपल्यावर कळतो गं," मी एकदा भीतभीत म्हणाले. ती हसली नाही. "मग माझा कधी कळायचा? तोवर अब्बा थांबतेत का?"

निकाल लागला. तिचा नंबर लागला नाही, माझाही नाही. मी इथंच बीएस्सीला राहिले, तिला न्यायला अब्बा आले. नांदेडच्या गाडीत खिडकीशी बसून ती हिरव्या किनारीची ओढणी सावरत राहिली. गाडी हलली तेव्हा एवढंच म्हणाली, "हल्लू."

परवा दुकानातून बाहेर पडल्यावर मी त्या गाण्याचे शब्द पहिल्यांदाच मोबाइलवर शोधले. तिथं हल्लू नव्हतंच. 'पोकळ' अशा अर्थाचा इंग्रजी शब्द होता. तिला कळवलं. ती आता नांदेडला फार्मसी शिकते. उत्तर लगेच आलं: "तिचाच उच्चार चुकला असंल. आपण बरोबर ऐकलं."

त्या अल्बमनं गायिकेची कारकीर्द घडवली की नाही, ते गाण्यातले जाणकार ठरवतील. ती पुढं गेली, तिचे रंगही बदलले. आमचा दौर कोणता होता, हे मला अजून नीट सांगता येत नाही. पण ते गाणं पुन्हा कुठं लागलं, तर खरा शब्द माहीत असूनही मी हल्लूच ऐकेन.