घरातलं घरात

धाकटी मुलगी पोटात आहे हे कळलं तेव्हा मी चाळिशीला आले होते. थोरली कॉलेजात, मुलगा दहावीत. पाळी चुकतेय ती वयामुळं, असं धरून चालले होते. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दातांच्या दवाखान्यात नुकतीच नोकरी लागली होती. लग्नानंतर पहिल्यांदाच मी रोज सकाळी घराबाहेर पडत होते. शेवटी बायकांच्या दवाखान्यात दाखवायला गेले; तिथल्या डॉक्टरीणबाई सोनोग्राफी करून म्हणाल्या, "आता काढून टाकायची वेळ गेली." परतताना बसमध्ये मला रडू आलं नाही. राग आला, आणि तो कुणावर काढायचा ते कळेना.

आमचं गाव शहराला लागूनच. घरात सासूबाई (आम्ही सुना त्यांना आत्या म्हणायचो), आम्ही, आणि धाकटा दीर नि त्याची बायको. त्यांना मूल नव्हतं. ही जाऊ निपाणीकडची, मला अक्का म्हणायची. इतकी वर्षं एका चुलीवर स्वयंपाक करूनही आमचं बोलणं मीठ-मसाल्यापुरतंच.

नवऱ्यानं बातमी आईच्या कानावर घातली आणि त्याच जेवणात निकाल लागला. सासूबाई भाकरी मोडत म्हणाल्या, "देवानंच दिलंय की. तुला नको हाय, धाकटीला हवं हाय. घरातलं घरात राहील."

दीर मान खाली घालून जेवत होता. नवरा म्हणाला, "बरं हाय की." जाऊ आमटी वाढत होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही, मीही तिच्याकडं नाही.

खरं सांगायचं तर मला धक्का वगैरे बसला नाही. मूल दुसऱ्याला द्यायचा विचार करणाऱ्या बाईच्या काळजाला पीळ पडत असणार, असं लोकांना वाटतं. मला हलकं वाटलं. पुन्हा दुपटी, पुन्हा जागरणं, नोकरी सुटणार; त्यापेक्षा कुणीतरी मनापासून वाट बघणारं असेल तर यात वाईट काय? खुपत होतं ते वेगळंच. मला कुणी विचारलं नव्हतं. म्हैस व्याली की रेडकू कुठं बांधायचं ते ठरवावं, तसं ठरलं होतं.

आठवड्याभरानं जाऊ माझ्याशेजारी धुणं वाळत घालायला आली. म्हणाली, "अक्का, मला नको हाय तुमचं बाळ."

मी हातातली चादर दोरीवर टाकली.

"राग धरू नका. मागं मी ह्यास्नी म्हटलंतं, दत्तक घेऊया. कोल्हापुरात जाऊन एकटीनं चौकशी बी केलती. आत्या काय म्हणाल्या ठाऊक हाय? कुणाचं पाप आपल्या घरात नको. मग आता तुमचं कसं चालतंय? मला कुणी विचारलं का? आणि ते रडलं की तुम्हीच धावणार. मी नुसती सांभाळणारी बाई."

तिनं एवढी वाक्यं सलग बोललेली मी पहिल्यांदा ऐकली. दवाखान्यात दाखवायच्या निमित्तानं आम्ही दोघी तिनं पूर्वी चौकशी केलेल्या ऑफिसात गेलो. तिथल्या बाईंनी सांगितलं की नात्यातलं असलं तरी दत्तक रीतसर कागदानंच होतं, घेणाऱ्या नवरा-बायको दोघांची सही लागते, आणि आईनं आधी दिलेला शब्द तिला बांधत नाही. मग त्यांनी जावेला बाहेर बसवलं आणि मला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" हा प्रश्न माझ्या घरात कुणाला सुचला नव्हता. मी म्हटलं, "तिला मनापासून हवं असेल, तरच द्यायचंय."

आत मी काय म्हटलं ते बसस्टॉपवर जावेला सांगितलं. ती म्हणाली, "मी घेईन. पण मला आई म्हणू दे. आणि मोठं झालं की त्याला खरं सांगायचं. लपवालपवी नको." मी हो म्हटलं.

त्यानंतर ती बदलली. स्वतःच्या मऊ झालेल्या साड्या फाडून झबली शिवली. बाळ हललं की मी तिचा हात पोटावर ठेवायची. त्या घरात मला मिळालेली ती एकुलती एक मैत्रीण.

मुलगी झाली. दवाखान्यात सासूबाईंनी दुपट्यातलं तोंड बघितलं आणि पदर सारखा केला. "पोरगीच हाय व्हय."

दीर दारातूनच म्हणाला, "वहिनी, तुमची तुम्हीच ठेवा. पोरगी घेऊन माझं काय भागतंय?"

बाळ तेव्हा जावेच्या मांडीवर होतं. ती हळूच म्हणाली, "मला पाहिजे."

मी म्हटलं, "देणारी मी आहे, घेणारी ही आहे. मग अडतंय कुठं?"

"दोघी येड्या झालाय," सासूबाई म्हणाल्या. नवरा औषधं आणायला म्हणून खाली गेला तो लवकर वर आला नाही. दिरानं सही केली नाही. जावेच्या एकटीच्या 'पाहिजे'ला किंमत नव्हती.

बारशाच्या आधी ती माहेरी गेली ती परत आली नाही. आणायला कुणी गेलं नाही. माझी नोकरी गेली.

मुलगी आता आठ वर्षांची आहे. सासूबाईंना दिसत नाही नीट; ही त्यांना हाताला धरून देवळात नेते. शेजारणी म्हणतात, "बघा, शेवटी हीच उपयोगी पडली." त्या 'शेवटी'चा मला संताप येतो. लेकराला जन्मल्यापासून हिशेबात धरलं नाही, आणि आता उपयोग मोजतात.

त्यातल्याच कुणीतरी परवा तिला सांगितलं. शाळेतून आल्या आल्या तिनं विचारलं, "मला कुणाला देणार होता?"

"काकीला. तिला तू हवी होतीस."

"मग का न्हाय दिलं?"

"तू मुलगी झालीस म्हणून."

सासूबाई आतून म्हणाल्या, "लेकराला असलं काय सांगतीस?"

"खोटं हाय व्हय, आत्या?" मी विचारलं.

मुलीनं विचारलं, "काकीला आणायला का न्हाय गेलं कुणी?"

मी म्हटलं, "ते काकाला विचार."

दीर अंगणात मोटारसायकल पुसत होता. ती गेली आणि तिनं विचारलं. तो फडकं पिळत राहिला. तिनं पुन्हा विचारलं. तेव्हा तो उठला, आणि गाडी तशीच ओली टाकून बाहेर निघून गेला.