बुडबुडे बाहेरच्या वाटीत

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार आहेत ते सुखदेवभाऊंचे. आरमोरीकडच्या एका लहान कॉलेजात, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ते परिचर होते. दीड महिन्यापूर्वी त्यांच्या मुलीचा, सुनंदाचा फोन आला. "बाबा गेले," एवढंच म्हणाली.

कॉलेजात शोकसभा झाली, तिला मी गेलो होतो. प्राचार्य अर्धा तास बोलले आणि तेवढ्यात दोनदा त्यांना सहदेव म्हणाले. कोणी दुरुस्त केलं नाही, कारण बहुतेकांना चूक कळलीच नव्हती. ज्या माणसाला तीस वर्षांत स्टाफरूममध्ये कोणी 'बसा' म्हटलं नाही, त्याच्या फोटोला मात्र गादीची खुर्ची दिली होती. नागपूरहून माझ्या पीएचडीच्या मार्गदर्शकांचा, म्हणजे सरांचा संदेश आला होता, तो मोठ्यानं वाचला गेला. 'साधे, निगर्वी, पडद्यामागचे कलाकार.' पडदा कोणी लावला होता, हे त्यात नव्हतं.

आमच्या घरात शाळेची पायरी चढलेला मी पहिलाच. अकरावीत ब्युरेट हातात घ्यायला घाबरत होतो, तर भाऊ मागून म्हणाले, "धर ना बे. फुटली तं कॉलेजची फुटंन, तुह्या बापाची नाई." प्राध्यापक वर्गात पुस्तकातलं वाचून दाखवत आणि निघून जात. हात कसा चालवायचा, ते भाऊंनी शिकवलं. फॉर्म भरायला, प्रवेशाला नागपूरपर्यंत सोबत आले. विद्यापीठाच्या पायऱ्यांवर बसून डब्यातली भाकर खाल्ली आणि म्हणाले, "आता इथी भेव नाई ठेवाचा."

पीएचडीला मला विषय मिळाला सिकलसेलच्या तपासणीचा. आमच्या भागात रक्ताचा हा आनुवंशिक आजार काय असतो ते घराघरांत ठाऊक आहे. भाऊंची थोरली मुलगी त्यातच गेली होती, निदान होण्याआधीच. काचेवर केसाएवढी बारीक नाली कोरायची, त्यात रक्तातलं हिमोग्लोबिन सोडायचं आणि दोन टोकांना वीज लावायची. त्या द्रावणात हिमोग्लोबिनवर ऋण भार असतो, म्हणून ते धन टोकाकडे ओढलं जातं. सिकलसेलच्या हिमोग्लोबिनवर तो भार किंचित कमी, त्यामुळे ते मागं रेंगाळतं. कोणता पट्टा कुठं पोचला ते पाहायचं, की निदान झालं. कागदावर एवढं सोपं. प्रत्यक्षात विजेच्या तारांपाशी वायूचे बुडबुडे उठत, नालीत शिरत आणि सगळं थांबत असे. बुडबुडे ढकलून काढायला सरांनी परदेशी पंप मागवला, ते आणखी जोरात आले. मग सरांनी ठरवलं, की दोष माझ्या हातात आहे. "खेड्यातल्या मुलांना बारीक काम जमत नाही," असं ते माझ्यासमोर पाहुण्यांना सांगत.

दिवाळीत गावी आलो तेव्हा भाऊंना चित्र काढून दाखवलं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं.

"तारा नालीच्या तोंडातच काऊन घालून राह्यला?"

"मग कुठं घालू?"

"बारावीच्या पोराइले बॅटरीच्या प्रयोगात अगारचा पूल कराले लावतो ना आपन? तसाच कर. तारा बाहेरच्या वाटीत ठेव, मंधात अगारचा पूल. वीज येईन, बुडबुडे तिकडंच फुटतीन. तुह्या नालीत त्याइचं काय काम?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी स्वतः अगार, म्हणजे समुद्री शेवाळाची जेली शिजवून, मीठ घालून दोन वाकड्या नळ्यांत पूल भरून दिले. नागपुरात पहिल्याच दिवशी दोन पट्टे स्वच्छ वेगळे झाले... सरांनी माझी पाठ थोपटली आणि दिल्लीला फोन लावला.

पुढं धानोऱ्याच्या पलीकडे एका गावात प्रात्यक्षिक ठरलं. भाऊ रजा टाकून सामान घेऊन आले. फोटोवाले आल्यावर सरांनी स्वतः तारा जोडल्या, आणि उलट्या जोडल्या. रक्त नालीत शिरायचं नावच घेईना. सरांनी माईकवर जाहीर केलं, की इथल्या लोकांचं रक्तच पातळ, नमुने निकामी आहेत. पोरीला कडेवर घेतलेली एक बाई उठायला लागली. मागून भाऊंचा आवाज आला, "बस बाई, तुह्या पोरीचं रक्त बरोबर आहे. सर, तारा उलट्या लागल्या."

"तुम्ही कोण?"

"बाटल्या धुतो, सर."

लोक हसले. मी तारा बदलल्या, पट्टे आले, आणि टाळ्या सरांना मिळाल्या. दुसऱ्या दिवशी छापलेल्या फोटोत भाऊंचा फक्त कोपर होता.

परतताना गाडीत भाऊंनी आयुष्यात एकदाच माझ्याकडे काही मागितलं. "पेपर छापून येईन तं त्यात कुठी माह्यं नाव येईन का रे? बारीक अक्षरात चालते. पोरीच्या आईले दाखवतो." मी हो म्हटलं. मसुद्यात आभाराच्या ओळीत नाव लिहिलंही. सरांनी त्यावर लाल रेघ मारली. "चपराश्यांचे आभार मानायला लागलो तर जगात हसं होईल." माझ्या प्रबंधावर त्यांची सही व्हायची होती. मी ती रेघ पाहिली आणि 'बरं सर' म्हणालो. प्राचार्यांना आणि सरांना इथवर नावं ठेवली, ती पुरी खरी आहेत. पण भाऊंना शब्द दिला होता तो त्या दोघांनी नव्हे.

परवा सुनंदानं त्यांच्या पेटीतून माझं पत्र काढून दाखवलं. भाऊंनी ते प्लॅस्टिकमध्ये मढवून घेतलं होतं. कॉलेजात सगळ्यांना वाचून दाखवत, म्हणाली. ते एक अक्षरही न बदलता इथं देतो.

'आदरणीय सुखदेवभाऊ, सप्रेम नमस्कार. आपणांस कळविण्यास आनंद होतो, की आमच्या प्रयोगशाळेचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आहे. सोबत प्रत पाठवीत आहे. जागेच्या मर्यादेमुळे सर्वांची नावे देता आली नाहीत, तरी गैरसमज नसावा. बुडबुड्यांची अडचण आम्ही कशी सोडवली, ते तिसऱ्या पानावर आहे. तुम्हाला इंग्रजी कळणार नाही, म्हणून तिथे पेन्सिलने खूण केली आहे. आपला नम्र, डॉ. विलास.'