दाराबाहेर ठेवलेले अनरसे

परदेशात पोचलो खरा, पण परदेश काही दिसेना. विमानतळावरून आम्हाला बसमध्ये घालून थेट एका हॉटेलात नेलं, मनगटात प्लास्टिकचा पट्टा अडकवला आणि मला एका खोलीत कोंडलं. कोरोनाचा काळ होता. खोलीला खिडकी होती, पण न उघडणारी. तिच्यातून समोरच्या इमारतीची भिंत आणि एसीची खोकी दिसायची. लाखनीच्या राईस मिलमध्ये मी मशीनवर होतो. तेच काम आखातातल्या एका तांदळाच्या कारखान्यात मिळालं होतं. दिघोरीहून निघताना गल्लीनं हार घातले आणि मी फुशारकीनं सांगितलं, पोचल्याबरोबर समुद्राचा फोटो पाठवतो. पाठवला तो एसीच्या खोक्यांचा.

जेवणाची वेळ झाली की दारावर टकटक व्हायची. बाहेरच्या खुर्चीवर डबा ठेवून माणूस लांब गेला, की मगच दार उघडायचं, ही तिथली शिस्त. वापरलेला डबा पिवळ्या पिशवीत बांधून बाहेर टाकायचा. डबा आणणारा बोलण्यावरून नेपाळकडचा वाटायचा. दारापलीकडून म्हणायचा, "भैया, खाना रखा है. गरम है, खा लो." त्या देशात माझ्याशी आपणहून बोलणारा हा एकच माणूस, आणि त्याचं तोंडही मी पाहिलेलं नव्हतं. तरी मी आतून "या, बसा ना" म्हणायचो. तो कुठं बसणार होता म्हणा! पण दारात आलेल्याला बसा म्हटलं नाही तर आमच्याकडे जीभ जड होते.

आता माती कुठं खाल्ली ते सांगतो. आमच्या घरून कुणाचा डबा रिकामा परत जात नाही. काहीच नसलं तर आई चिमूटभर साखर टाकते, पण टाकते. आणि इथं मी रोज त्या माणसाचे डबे कचऱ्यात कोंबत होतो. काही दिवसांनी ते मला सोसेना. बॅगेत आईनं दिलेले अनरसे होते. एक डबा साबणानं घासला, टॉवेलनं पुसला, त्यात चांगले न मोडलेले अनरसे निवडून मांडले आणि खुर्चीवर ठेवून दिला. टकटक झाली तसा आतून ओरडलो की भैया, हे तुमच्यासाठी, घरचं आहे. त्यानं उचलला. "शुक्रिया भैया," असं ऐकूही आलं. मी स्वतःवर इतका खूश झालो, की लगेच फोन करून आईला सांगितलं.

तो फोन ठेवतो न ठेवतो तोच रिसेप्शनवरून फोन. पलीकडचा माणूस फार अदबीनं हिंदीत म्हणाला, तुमच्या खोलीतली वस्तू आमच्या कर्मचाऱ्यानं हातात घेतली, कॅमेऱ्यात दिसलं. मी म्हटलं, वस्तू नाही, अनरसे आहेत. तो म्हणाला, म्हणजे काय? मी सांगायला लागलो, की आधी तांदूळ भिजवायचे, पाणी रोज बदलायचं. त्यानं मला मधेच थांबवलं. डबा नष्ट केला होता आणि त्या माणसाला वेगळ्या खोलीत ठेवलं होतं. सकाळी माझी तपासणी. मी निरोगी निघालो तर तो कामावर.

"और नहीं निकला तो?"

"तो वो भी बंद रहेगा, सर. ठेकेदार दूसरा आदमी ले आएगा."

म्हणजे मी नोकरी करायला आलो आणि रुजू व्हायच्या आधीच दुसऱ्याची खायला निघालो. पुन्हा पुन्हा फोन करून चूक माझी आहे म्हणून सांगितलं. दर वेळी उत्तर एकच, "जी सर, नोट कर लिया." तो कुठल्या खोलीत आहे, तेही सांगेनात. कोरोनात वास जातो म्हणतात, म्हणून मी सारखं लिंबाचं लोणचं हुंगत बसलो. शेवटी ठसका लागला आणि हा खोकलाच असेल म्हणून घाबरलो. सकाळी नाकात काडी घालायला आलेल्याला म्हटलं, जरा नीट घाला, दुसऱ्याच्या पोटाचा प्रश्न आहे. त्याला मराठी येत नव्हतं. त्यानं नीटच घातली.

जेवण आता दुसराच कोणी ठेवून जायचा, मुकाट्यानं. मी डबा न उघडताच पिवळ्या पिशवीत बांधायचो.

अहवाल चांगला आला. दुसऱ्या दिवशी टकटक ऐकली आणि मी ओळखली. दाराला तोंड लावून म्हटलं, "भैया, माफ करना. ठीक हो ना?"

लांबून आवाज आला, "ठीक है. आप बस कुछ रखना मत." आणि पावलं भरभर निघून गेली. गरम है, खा लो, असं तो पुन्हा कधी म्हणाला नाही.

त्याच दुपारी आईचा व्हिडिओ कॉल आला. "खाल्ले का गा त्यानं अनरसे?"

काय सांगणार? म्हटलं, "हो."

"आवडले?"

"खूप."

"मंग काहून नाही सांगतलं? आजच तांदूळ भिजू घालतो. तिकडं कोणी येऊन राहिलं असन तं त्याच्या हाती पाठवतो."

"राहू दे ना माय. मले आहेत अजून."

"तुले कोण पाठवून राहिलं? त्याले पाठवतो."

मोठा डबा कुठं ठेवला म्हणून बाबांना विचारत ती फोन तसाच टाकून आत गेली. मी "माय, माय" करत राहिलो. पडद्यावर आमच्या घराच्या छपराची कवेलं दिसत होती, आणि इकडे दारावर टकटक झाली.